खान्देशी लग्नातले विधी: पोथीतले कोणते, गावातले कोणते, फोटोग्राफरचे कोणते?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

लग्नसराई आली की "आपल्या प्रथांमागचे विज्ञान" फिरायला लागतं. जोडव्यांमुळे अमुक नस दाबली जाते, मंगळसूत्रामुळे रक्तदाब ताब्यात राहतो वगैरे. ते इथे नको. कुठल्याही विधीचं मूळ शोधायचं असेल तर तीन गोष्टी बघाव्यात: तो कोण करतं, कशानं करतं, आणि त्याला मंत्र आहे की गाणं. भटजी करतात, मंत्र आहे, तर मूळ बहुधा गृह्यसूत्रात (घरगुती संस्कार सांगणारे जुने संस्कृत ग्रंथ) किंवा त्यानंतरच्या प्रयोगपोथ्यांत (विधी कसा करायचा ते सांगणाऱ्या). सवाष्णी करतात आणि गाणं आहे, तर ते गावाचं. मंत्रही नाही, गाणंही नाही आणि "परत एकदा करा, इकडे बघून" असं कोणी सांगतंय, तर ते परवाचं.

पोथी श्रेष्ठ आणि गावचं ते खुळं, असा अर्थ मात्र काढू नका. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाचे विधी सांगायला सुरुवात करतं तेच "अथ खलूच्चावचा जनपदधर्मा ग्रामधर्माश्च तान् विवाहे प्रतीयात्" असं म्हणून. देशोदेशीचे, गावोगावचे रिवाज वेगवेगळे असतात, लग्नात ते पाळावेत. आपस्तंब तर सरळ सांगतो की हे रिवाज बायकांना विचारून घ्या. म्हणजे मांडवात भटजी आणि घरची म्हातारी यांचं वाजलं तर सूत्रकार म्हातारीच्या बाजूला आहेत.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातले तपशील हवे आहेत. समाजागणिक फरक असणारच, तेव्हा "हेच बरोबर" असा वाद घालू नये.

चोपड्याची मावशी

हळदीपासून धरते. आधी जातं आणि मुसळ पुजायचं, त्यांना हळकुंड नि आंब्याची पानं सुताने बांधायची. मग पाच सवाष्णींनी हळकुंडं फोडायची, दळायची. आता हळद पाकिटातली येते, पण पाच हळकुंडं तरी जात्यात घालाच. सगळा विधी दळण्याचा आहे, लावणं त्यानंतरचं. लग्नघरातलं पहिलं सामुदायिक काम हे, म्हणून जात्यावरची गाणी इथेच आहेत.

मग तेलन पाडायचं. वाटीत तेल, त्यात हळद. आंब्याचं पान बुडवून पाय, गुडघे, खांदे, डोकं असं खालून वर टेकवत जायचं. फासायचं नाही, टेकवायचं. नवरदेवाला लावून उरलेली ती उष्टी हळद, ती नवरीकडे जाते. गाव लांब असलं तर पुडीत थोडी कोरडी हळद पाठवतात. ती पोचेपर्यंत नवरीला बसवत नाहीत, त्यामुळे ज्याच्या हातात पुडी त्याने वाटेत कुठे टेकायचं नाही. अर्ध्या लग्नघरांत पहिला खोळंबा इथेच होतो.

एका माणसाला चार-पाच चमचे हळद पुरते. हल्ली टोपलीभर रंग उधळतात, ती हळद नव्हे.

मापात_रहा

मावशींना +१. त्या उधळायच्या पिवळ्या पुडीबद्दल: रंग घातलेली स्वस्त भुकटी अंगावर पुरळ आणते, आणि फोटो काढायचे त्याच दिवशी आणते. मेटॅनिल यलो हा त्यातला नेहमीचा भेसळीचा रंग. चिमूटभर भुकटी पाण्यात कालवून वर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि पाणी गुलाबी-जांभळं होऊन तसंच राहिलं तर तो रंग आहे. घरात आम्ल नसेल तर सोपा उपाय, हळकुंडं दळून घ्या.

कपड्यावरची हळद साबण लावताच लाल होते आणि लोक घाबरतात. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं, एवढंच. चुन्याच्या निवळीत हळद भिजवून कुंकू करायचे ते याच गुणावर. घासत बसू नका. धुऊन कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग फिका होतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाची काही टंचाई नाही.

मांडववाला

मुहूर्तमेढीबद्दल लिहितो, कारण ती आता लोखंडी पाइपाला बांधलेली आंब्याची फांदी होऊन बसली आहे.

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. उंबराची किंवा सवंदडीची फांदी घेतात, काही घरांत कुळाचं झाड ठरलेलं असतं. हातभर खोल खड्डा, तळाला सुपारी, पैसा, हळदकुंकू. मेढीच्या वरच्या टोकाला पिवळ्या कापडाची पुरचुंडी, तिच्यात हळकुंड, सुपारी, अक्षता. खड्डा कोरडा भरला तर मेढ दुसऱ्या दिवशी कलंडते आणि मग अपशकुनाची कुजबुज सुरू होते. काळ्या जमिनीत हे फार होतं. माती ओली करून थराथराने ठोकायची, तळाशी दोन मुठी मुरूम टाकायचा. फांदी हिरवी असली की भेगा पडत नाहीत.

मांडवावर डहाळे आंब्याचे आणि जांभळाचे. जांभळाचं पान जाड, चिवट. तोडल्यावर दोन दिवस तरी गळत नाही आणि सावली दाट देतं. कडुनिंबाचं पान त्याच उन्हात दुपारपर्यंत पंगतीत पडायला लागतं. शामियाने आले तसे डहाळे शोभेचे राहिले. पूर्वी छपरच त्यांचं होतं.

पोथी_पंचांग

धागाकर्त्यांनी सूत्र बरोबर दिलंय. मेढीवरून सवंदडीचा एक दुवा जोडतो. सवंदड म्हणजे शमी. पारस्कर गृह्यसूत्रात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत ज्या लाह्या घालतो त्या शमीची पानं मिसळलेल्या असतात. देवक म्हणजे लग्नात बसवायचं कुळाचं चिन्ह. त्याच्या पंचपालवीतही (पाच झाडांच्या डहाळ्या) बऱ्याच कुळांत शमी आहे, जोडीला आंबा, जांभूळ, उंबर, रुई. कुळागणिक यादी बदलते. पोथी आणि गाव एकाच झाडाखाली भेटतात ते हे.

देवकाचं काम फक्त पूजेचं नव्हतं. मराठा-कुणबी समाजांत एक देवक असलेली घरं भाऊबंद मानतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. गोत्र माहीत नसलेल्या घरातही देवक पक्कं माहीत असतं, कारण ते पाठ करायचं नसून दर लग्नात बसवायचं असतं. सोयरीक ठरवताना आधी देवक विचारा, पत्रिका मागाहून बघा.

आता लाजाहोम. हा विधी सगळ्यांत जास्त चुकतो. आश्वलायनाप्रमाणे क्रम असा: नवरीच्या ओंजळीत आधी तुपाची धार, मग भाऊ दोनदा लाह्या घालतो (जामदग्न्य, म्हणजे जमदग्नी गोत्राचे असतील तर तीनदा), वर पुन्हा तूप. ओंजळ न उघडता बोटांच्या टोकांकडून आहुती. मग अग्नीला प्रदक्षिणा आणि सहाणेवर किंवा पाट्यावर उजवा पाय, "अश्मेव त्वं स्थिरा भव", दगडासारखी स्थिर हो. असं तीनदा, अर्यमा, वरुण आणि पूषा यांच्या नावाने. चौथी आहुती मंत्राविना, सुपाच्या कोपऱ्यातून, मुकाट.

लाह्या साळीच्या हव्यात. किराणा दुकानात "लाह्या" म्हटलं की ज्वारीच्या देतात, त्या तुपाने चिकटून ओंजळीतून सुटत नाहीत. पावशेर पुरतात. भाऊ नसेल तर चुलत, मावस, कोणीही चालतो. त्याच वेळी तो नवरदेवाचा कान पिळतो ती कानपिळी. तिला मंत्र नाही, पण पागोटं आणि कपडे त्याला तिथेच मिळतात. बहिणीच्या वतीने पहिला शब्द मागून घ्यायची जागा भावाची, असा माझा तर्क.

खरंखोटं

मग सात फेरे?

पोथी_पंचांग

ते उत्तरेतले, आणि इकडे टीव्हीवरून आले. आपल्या प्रयोगात प्रदक्षिणा तीन आणि पावलं सात. सप्तपदी वेगळी. तांदळाच्या सात राशी ईशान्येकडे मांडायच्या, सूत्रात "अपराजिता दिशा" म्हटलंय ती हीच. नवरी उजवं पाऊल एकेका राशीवर टेकवत जाते. अन्न, बळ, धन, सुख, प्रजा, ऋतू आणि सातवं सख्य: "सखा सप्तपदी भव". शेवटी दोघांची डोकी जवळ आणून कलशातलं पाणी शिंपडतात. हल्ली राशी स्टेजच्या लांबीप्रमाणे मांडतात आणि नवरी ईशान्य सोडून कॅमेऱ्याकडे चालत येते. राशी मुठीएवढ्याच ठेवा. मोठ्या केल्या की पाय घसरतो, पायघोळ शालूत जास्तच.

आणखी एक. प्लायवूडच्या स्टेजवर होमकुंड थेट ठेवू नये. खाली विटांचा थर आणि त्यावर दोन इंच वाळू हवी. सतरंजी चार हात लांब गुंडाळून ठेवायची. तूप सांडतं ते सतरंजीवरच.

धुळ्याची वकीलबाई

सप्तपदीचं कायद्यातलं वजनही सांगायला हवं. हिंदू विवाह अधिनियम १९५५, कलम ७: दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की विवाह होतो. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. आपल्याकडे मंगलाष्टकं झाली, माळा घातल्या की पाहुणे पंगतीला पळतात आणि सप्तपदी रिकाम्या खुर्च्यांपुढे होते. काही ठिकाणी "वेळ नाही" म्हणून गाळतातही. तसं करू नका. नुसत्या नोंदणीच्या कागदाने, विधी न होता, हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

कन्यादान मात्र कलमात नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते अत्यावश्यक नसल्याचं म्हटलं. ज्यांना "मुलगी दान द्यायची वस्तू नाही" असं वाटतं त्यांनी ते निश्चिंतपणे वगळावं.

पोथी_पंचांग

कायद्याचं मान्य. पण कन्यादान मागाहून घुसवलेलं आहे असं कोणी समजू नये. "अलंकृत्य कन्यामुदकपूर्वां दद्यात्" हे आश्वलायनातच आहे, आठ विवाहांतला पहिला, ब्राह्म. हातावर पाणी सोडणं ही त्या काळची देण्याघेण्याची पक्की खूण, जमिनीलाही तीच. वगळायचं तर वगळा, पाणिग्रहण आणि सप्तपदी यांनी विवाहाला काही उणं पडत नाही. फक्त जुनं नाही म्हणून वगळतो, असं म्हणू नका. पटत नाही म्हणून वगळतो म्हणा.

खरंखोटं

हे आवडलं. याच न्यायाने मंगळसूत्र तपासा. गृह्यसूत्रांत ते नाहीच! सर्वांत पवित्र म्हणतो ती वस्तू मागाहून आलेली, आणि हातातलं काकण मात्र जुनं.

चोपड्याची मावशी

असेल. पण बाई गळ्यातली पोत मोडताना दहादा विचार करते, काकण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोडून टाकते. जुनं असलं म्हणून जड असतं असं नाही. दोन वाट्यांतली एक माहेरची, एक सासरची, एवढा अर्थ आमना कडे पुरेसा शे.

नंदुरबारी

धाग्यात सातपुडा राहून गेला. भिल्ल, पावरा समाजांत पैसा उलट्या दिशेने जातो: नवरदेवाकडचे मुलीच्या घराला देज देतात. कारण साधं आहे, मुलगी शेतात राबणारी. तिच्या घरचे दोन हात कमी होतात, त्याची भरपाई. बोलणी गावच्या पंचांसमोर होतात. मोहाची दारू आधी जमिनीवर थेंब सोडून मग वाटायची, आणि ती प्याली की शब्द पक्का. भटजी नाही, सप्तपदी नाही. वकीलबाईंनी दिलेला १९५५चा कायदा अनुसूचित जमातींना कलम २(२) प्रमाणे आपोआप लागू नाही, तिथे रूढीच कायदा आहे. तळोदा-शहाद्याच्या काही गावांत देज मागे पडून हुंडा शिरतोय. याला "सुधारणा" म्हणणाऱ्यांना हात जोडतो.

आणि भटजीशिवाय लग्न ही फक्त डोंगरातली गोष्ट नाही. सत्यशोधक समाजाने पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लावला. त्यात वधूवरांनी एकमेकांना शब्द द्यायचे आणि मंगलाष्टकं मराठीत. खान्देशात आजही अशी लग्नं लागतात.

आचारी_यावल

मंगलाष्टकांवरून. एक विनंती आहे, भावकीतल्या कवींना आवरा. वरण आळतं.

पोथी_पंचांग

आचाऱ्यांचं दुःख खरं. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं, ओळीत एकोणीस अक्षरं, बारावर यती, म्हणजे थांबा. घरचं काव्य त्यात बसत नाही, मग म्हणणारा ओढून ओढून बसवतो आणि मुहूर्त निघून जातो. मंगलाष्टकांचं काम वेळ भरण्याचं होतं. घंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी बारीक भोकाची तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोघं उभी, वाटी बुडेपर्यंत श्लोक चालू, बुडाली की पाट दूर आणि एकमेकांकडे पहिली नजर. घड्याळ आलं, वाटी गेली, श्लोक राहिले. पाचच म्हणा, शेवटचं मुहूर्ताच्या एक मिनिट आधी सुरू करा.

ताप्तीवरचे तारे

मुहूर्तावरून आणखी एक. गोरज मुहूर्त, गुरं परतायची वेळ, खान्देशात लोकप्रिय आहे. जळगाव-भुसावळला एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा कारण शोधायला पोथी नको. पण गोरज मुहूर्ताचा एक फायदा लोक विसरले: ध्रुव आणि अरुंधतीदर्शन खरंखुरं करता येतं. सूत्रात नवरीने रात्री ध्रुव, अरुंधती, सप्तर्षी बघायचे आहेत. दुपारच्या लग्नात भटजी छताकडे बोट दाखवतात आणि ती "हो दिसले" म्हणते.

कसं बघायचं: एप्रिल-मे मध्ये रात्री आठनंतर उत्तरेला तोंड करा. सप्तर्षी डोक्याच्या उत्तरेकडे उंच दिसतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधुक ती अरुंधती. पुढचे दोन तारे जोडणारी रेघ खाली वाढवली की ध्रुव. तो आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २१ अंशांवरच, कारण आपला अक्षांश तेवढा. हात लांब करून दोन मुठी रचल्या की तेवढी उंची. उत्तरेला हॅलोजन असेल तर दोन मिनिटं बंद करायला सांगा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, मध्यरात्रीनंतर उगवतात. त्या महिन्यांत ध्रुवावर भागवा.

गिरणाकाठ

हे फार उत्तम. मारोतीचं कोणी सांगेल का? नवरदेव नवरीच्या गावी आधी मारोतीला का जातो? ब्रह्मचाऱ्याचा निरोप घ्यायला, असं सगळे सांगतात.

मांडववाला

गोड गोष्ट आहे, पण जागा बघा. जुन्या गावात मारोती वेशीशी. वऱ्हाड बाहेरून आलं की पहिला थांबा तोच, आणि पारावर पंचवीस माणसं बसायला जागा. सीमांतपूजनाचं नावच सांगतं की शिवेवर पूजा. नवरीचा बाप तिथे येऊन पोशाख देतो, आणि तिथून पुढे वऱ्हाड पाहुणं, त्याची जबाबदारी गावावर. मारोती शिवेचा राखणदार, साक्षीला तोच. नवरदेवाच्या हातातली कट्यार नि टोकावरचं लिंबू हे त्या प्रवासातलंच. लिंबू दृष्टीसाठी म्हणतात, पण टोक झाकलं जातं हेही काही थोडं नाही. घोड्यावर, गर्दीत, पोराच्या हातात उघडी कट्यार नको.

रुखवतही तसंच. जानोशावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, उतरलेल्या वऱ्हाडाला लग्नाआधी खायला पाठवायचं ते रुखवत. आता कुरडया, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) यांची आरास टेबलावर मांडतात आणि कोणी खात नाही. बिबडे मांडायचे असतील तर सकाळीच काढू नका, हवा लागून दुपारी सादळतात.

आचारी_यावल

मग पंगतीचंही सांगतो. वरण-बट्टी हे लग्नाचं जेवण का झालं? बट्टी आदल्या रात्री उकडून ठेवता येते आणि तळण ऐनवेळी. पुरीसारखं लाटत बसावं लागत नाही. शंभर पानांना दहा-बारा किलो जाड दळलेले गहू, पाच किलो तूरडाळ, बारा किलो वांगी. किलोला शंभर ग्रॅम तेलाचं मोहन, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळायचं. वीस-पंचवीस मिनिटं उकडायचं. गार झाल्याशिवाय कापायचं नाही, गरम कापली की भुगा होतो आणि तेल पिते. बारीक पीठ वापरलं की चामडं. पाकिटाची कणीक घेऊन येणाऱ्यांना परत पाठवतो.

धुळ्याची वकीलबाई

आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) मुहूर्त धरणाऱ्यांसाठी: साडेतीन मुहूर्तांतला म्हणून पंचांग लागत नाही, याचा फायदा घेऊन बालविवाहही उरकतात. मुलगी १८, मुलगा २१. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्न लावणारा, ठरवणारा, दोघेही अडकतात. मांडववाले, आचारी, भटजी, तिघांनी वयाचा दाखला आधी मागावा.

चोपड्याची मावशी

आणि आखाजीला त्याच घरात पितरांची घागर असते हे विसरू नका. घागर, वर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबा. सकाळी आधी घागर पुजायची, पितरांचं पान वाढायचं, मग मांडवाचं काम. संध्याकाळचा मुहूर्त असेल तरच त्या दिवशी लग्न धरा. आणि काकण सोडायचं पाणी परातीत हळदीचं ठेवताना अंगठी सोन्याची टाकू नका, सुपारी टाका. परात मोरीत ओतली जाते तेव्हा कोणी बघत नाही.